उंबरठाणची विहीर

दत्तप्रसाद – थांब. डावीकडे काय आहे म्हणालीस?

प्रियदर्शनी – डावीकडे पार आहे. पारावर चार माणसं बसलीत. उजवीकडे सुताराचं घर. समोर विहीर. विहिरीच्या काठाला कुणीतरी शेंदूर फासलाय.

दत्तप्रसाद – आणि मी कुठे आहे?

प्रियदर्शनी – वेशीत उभे आहात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तुम्ही वाटाड्या आहात, बाबा. गडावर औषध पोचवायचंय. सांगितलं होतं मघाशी.

दत्तप्रसाद – तलवार नाही?

प्रियदर्शनी – आहे. पाठीला बांधलेली.

दत्तप्रसाद – पाठीलाच बरी. पोटाशी असती तर या अवस्थेत टोचली असती.

प्रियदर्शनी – मान उचलू नका! डॉक्टरांनी काय सांगितलंय?

दत्तप्रसाद – ऑपरेशन करून डोळ्यात हवा भरलीय, ती सुटलेला पडदा दाबून धरणार, म्हणून मी आठवडाभर पालथं पडायचं. पाठ झालंय मला. उशीला पाडलेल्या भोकातून तुझ्या फ्लॅटची फरशी बघत पडलोय, आणि चष्म्याशिवाय तीही धड दिसत नाहीये. तेव्हा तू माझे डोळे. पारावरची माणसं काय करतायत?

प्रियदर्शनी – काही नाही, बसलीत. त्यांच्याशी बोलता येतं. पण खरं काम सुताराकडे आहे. त्याच्या डोक्यावर पिवळी खूण आहे.

दत्तप्रसाद – खूण आहे म्हणून मी गावात शिरल्या शिरल्या थेट त्याच्या घरात घुसायचं? आधी पारावरच्यांना रामराम घालतात.

प्रियदर्शनी – कुणी घालत नाही हो. सगळे खेळणारे सरळ खुणेकडे पळतात.

दत्तप्रसाद – मग तू मला कशाला धरलंयस? जन्मात असले कॉम्प्युटरवरचे खेळ न खेळलेला माणूस हवा, असं तूच म्हणालीस.

प्रियदर्शनी – हो, हवाच आहे. हे गाव खेळात ठेवायचं की काढून टाकायचं, ते सोमवारी ऑफिसात ठरणार आहे. सर म्हणतात, खेळणारे इथे रेंगाळत नाहीत. नवा माणूस काय करतो, ते मला त्यांना दाखवायचंय.

दत्तप्रसाद – मग घाल रामराम.

प्रियदर्शनी – घातला. एक म्हातारा म्हणतोय, 'पाणी प्यायचं तर आजच पी, पाव्हण्या. उद्याचं काही सांगवत नाही.'

दत्तप्रसाद – हे तू लिहिलंस?

प्रियदर्शनी – हो.

दत्तप्रसाद – बरं लिहिलंयस. कुणी वाचलंय का आजवर?

प्रियदर्शनी – पारावर येऊन? तुम्ही पहिलेच.

दत्तप्रसाद – हं. चल आता सुताराकडे. नाव काय त्याचं?

प्रियदर्शनी – कोंडीराम. रंधा मारत बसलाय. शेजारी त्याची मुलगी, डोळे रडून लाल झालेले. कोंडीराम म्हणतो, 'विहिरीत जखीण राहते. दर साली गावातल्या एकाच्या साऱ्या आठवणी घेते, मगच झऱ्याला पाणी सोडते. औंदा मी जातो. मी म्हातारा. माझ्यापाशी काय उरलंय?'

दत्तप्रसाद – त्याला विचार, काय काय उरलंय.

प्रियदर्शनी – असं विचारायची सोय... थांबा, आहे की! मीच ठेवलीय, विसरले होते. तो म्हणतो, 'गावातली झाडून सारी दारं मी केली. कुठलं दार पावसात फुगतं, कुठल्याची कडी आतून अडते, कुठल्या उंबऱ्याला नव्या नवरीची ठेच लागली होती, सगळं ध्यानात आहे. एवढंच.'

दत्तप्रसाद – एवढंच म्हणे. बरं, मग आता?

प्रियदर्शनी – आता तीन पर्याय आलेत. पहिला, कोंडीरामला विहिरीत उतरू द्या. दुसरा, जखिणीशी लढा. तिसरा, त्याच्याऐवजी स्वतःच्या आठवणी द्या.

दत्तप्रसाद – आणि जखिणीला विचारायचं असेल तर?

प्रियदर्शनी – काय विचारायचं?

दत्तप्रसाद – बाई, तुम्हाला या आठवणी कशाला लागतात, म्हणून.

प्रियदर्शनी – ते नाहीये.

दत्तप्रसाद – का नाहीये? तू तर म्हणालीस, या खेळात वाट्टेल ते करता येतं.

प्रियदर्शनी – वाट्टेल तिथे जाता येतं म्हणाले. करता तेवढंच येतं, जेवढं आम्ही आधी विचार करून ठेवलंय.

दत्तप्रसाद – म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं. हवं ते मागा, पण वाढप्याच्या हातात जे आहे त्यातलं. बरं, काहीच न करता निघून गेलो तर?

प्रियदर्शनी – तसं जाता येतं.

दत्तप्रसाद – मग तो चौथा पर्याय झाला. लिहिला का नाही?

प्रियदर्शनी – तो लिहीत नाहीत, बाबा. पाठ फिरवून चालायला लागलात की आपोआप होतो. गंमत सांगू? निघून जाणारे पुष्कळ असतात. पण विचारलं तर म्हणतात, आम्ही काही निवडलंच नाही.

दत्तप्रसाद – हे मात्र तुम्ही लोकांनी अचूक पकडलंय. मी नाही जाणार. तो कोंडीराम, त्याला कुणी दमदाटी केलीय का?

प्रियदर्शनी – नाही. स्वतःहून तयार आहे.

दत्तप्रसाद – मुलगी?

प्रियदर्शनी – ती नको म्हणतेय.

दत्तप्रसाद – तिचं दुःख कळतं मला. पण आठवणी त्याच्या आहेत. धडधाकट माणूस शुद्धीत राहून म्हणतोय, मी जातो. त्याला नको म्हणणारा मी कोण? उतरू दे त्याला.

प्रियदर्शनी – नक्की?

दत्तप्रसाद – विमा कंपनीत नोकरी केली, पण दर रविवारी अंपायर म्हणून उभा राहिलोय मी. नक्की असल्याशिवाय बोट वर करत नाही. दाब काय ते.

प्रियदर्शनी – उतरला. पाणी हललं. विहीर काठापर्यंत भरली. गावातले लोक ओरडतायत, कुणी हंडे आणतंय, कुणी घागरी. कोंडीराम वर आला. मुलगी धावत गेली. तो तिच्याकडे बघून म्हणतोय, 'बाई, आपण कोण?'

दत्तप्रसाद – स्वतःच्या मुलीला?

प्रियदर्शनी – हो. मागे जायचं का, बाबा? आधीची जागा राखून ठेवलीय मी. तिथून परत सुरू करता येईल, दुसरं काहीतरी निवडा. सगळे तसंच करतात. तिन्ही करून बघतात, सर्वांत बरं वाटेल ते ठेवतात.

दत्तप्रसाद – नको. बोट वर गेलं की गेलं. पण थोडं पाणी दे मला. आणि नळी वाकडी कर, नाहीतर नाकात जाईल.

प्रियदर्शनी – घ्या. आणि आता जेवा. गड जेवणानंतर.

दत्तप्रसाद – पालथ्या माणसाला वरणभात भरवणं, याचाही एक खेळ काढा तुम्ही. लढाईपेक्षा अवघड आहे ते.

(दुपारची झोप झाल्यावर.)

प्रियदर्शनी – झोप झाली का? सुरू करू पुढे?

दत्तप्रसाद – कर. औषध पोचलं ना गडावर?

प्रियदर्शनी – पोचलं. झोपायच्या आधीच पोचवलंत. आता परतीची वाट. ती उंबरठाणवरूनच जाते.

दत्तप्रसाद – छान. कोंडीरामची खबर घेऊ. काय दिसतंय?

प्रियदर्शनी – वेस दिसतेय. पार रिकामा आहे. झाडाची पानं गेलीत.

दत्तप्रसाद – पारावरचे कुठे गेले?

प्रियदर्शनी – गाव सोडून. विहीर आटलीय.

दत्तप्रसाद – आटली? भरली होती की काठापर्यंत! माझ्यासमोर. म्हणजे, तुझ्यासमोर.

प्रियदर्शनी – पुढच्या भागात राजा डोंगरातले झरे अडवतो. त्यामुळे आटली.

दत्तप्रसाद – मी लढलो असतो तर?

प्रियदर्शनी – जखीण मेली असती. विहीर आटली असती.

दत्तप्रसाद – माझ्या आठवणी दिल्या असत्या तर?

प्रियदर्शनी – तुमचा नकाशा कोरा झाला असता. आणि... आटली असती.

दत्तप्रसाद – मग कोंडीरामला मी कशासाठी उतरवला?

प्रियदर्शनी – बाबा, मान!

दत्तप्रसाद – मान खालीच आहे. कशासाठी उतरवला?

प्रियदर्शनी – गोष्टीला तिथे दुष्काळ हवाय. गाव ओस पडलं नाही तर पुढचं काहीच घडत नाही.

दत्तप्रसाद – गोष्टीला हवाय! आणि मी दुपारभर इथे पालथा पडून त्या माणसाचा विचार करतोय. सामना आधीच ठरलेला असेल, तर अंपायरला उन्हात उभं कशाला करता?

प्रियदर्शनी – निकाल ठरलेला असला तरी तुम्ही कसे वागलात ते तुमचंच राहतं ना? पुढे घाटात त्याची मुलगी भेटते. तुम्ही लढला असाल तर ती तुमची जखम बांधते. बापाला उतरू दिलं असेल तर तुमच्याकडे पाठ करून उभी राहते. गाव विसरत नाही.

दत्तप्रसाद – म्हणजे वागण्याची शिक्षा मिळणार, त्याचं फळ मात्र नाही.

प्रियदर्शनी – खऱ्या आयुष्यात वेगळं असतं का? आई म्हणायचीच, सगळं आधी लिहिलेलं असतं.

दत्तप्रसाद – तुझ्या आईची लिहिणाऱ्याशी कधी गाठ पडली नव्हती. माझी पडलीय. माझ्या डोक्याशी बसून मला फसवतेय ती.

प्रियदर्शनी – फसवत नाही हो... बेल वाजली. शहेजाद असेल. मी सांगते ना तुम्हाला, आमचा प्रोग्रामर. मी जे लिहिते, ते तो चालवून दाखवतो. आले.

शहेजाद – नमस्कार काका! तब्येत कशी आहे?

दत्तप्रसाद – नमस्कार. तोंड दाखवत नाही म्हणून राग मानू नकोस. आणि बरा वेळेवर आलास. एक निवाडा कर. मला तीन दारं दाखवली, तिन्ही दारं एकाच खोलीत उघडतात. याला काय म्हणतात?

शहेजाद – याला, काका... आमच्यात याला खोटी निवड म्हणतात. उंबरठाण खेळलात वाटतं?

दत्तप्रसाद – नावसुद्धा ठेवलंयत! म्हणजे राजरोस चालतं हे.

शहेजाद – सगळेच करतात, काका. ॲक्च्युअली प्रॉब्लेम कामाचा आहे. विहिरीत पाणी ठेवलं, तर मला पुढे दोन गावं बनवावी लागतात. एक हिरवं, एक ओसाड. प्रत्येक माणसाचं बोलणं डबल, झाडं डबल, गुरं डबल. मग त्या दोन गावांतून आणखी दोन दोन रस्ते निघतात. आख्खी टीम म्हातारी होईल यार. म्हणून सगळे रस्ते फिरवून एका दाराशी आणतो. खेळणाऱ्याला कळत नाही.

दत्तप्रसाद – मला कळलं.

शहेजाद – तुम्ही परत गावात गेलात म्हणून. लोक जात नाहीत.

दत्तप्रसाद – लोकांचं सांगू नकोस. न कळणं हा काही युक्तिवाद नाही.

प्रियदर्शनी – चहा टाकते. शहेजाद, साखर?

शहेजाद – चालेल. अगं हां, सांगायचं राहिलं. टेम्पोवाल्याला शनिवार सकाळचं सांगितलंय मी. तो म्हणतो, तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवायचं तर दोन माणसं जास्तीची लागतील. लिफ्ट नाहीये ना तिकडे.

प्रियदर्शनी – शहेजाद.

शहेजाद – काय?

दत्तप्रसाद – कुठलं लोखंडी कपाट?

शहेजाद – तुमचं... नारायण पेठेतलं. सॉरी, मला वाटलं...

दत्तप्रसाद – तुला बरोबर वाटलं. तू बस. प्रियदर्शनी, गॅस बंद कर आणि इकडे ये.

प्रियदर्शनी – बाबा, मी सांगणारच होते. डोळ्याची तपासणी झाली की सांगणार होते.

दत्तप्रसाद – आता सांग.

प्रियदर्शनी – दीनानाथांचा फोन आला होता, ऑपरेशनच्या दिवशी. तुम्ही आत होतात. बिल्डिंग पाडायला काढलीय त्यांनी. महिनाअखेरीस सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्यात.

दत्तप्रसाद – घरमालक म्हणून इतकी वर्षं बोलणं आहे माझं त्यांच्याशी. मला फोन का नाही केला?

प्रियदर्शनी – तुमचा फोन माझ्याकडे होता. मीच उचलला. मी म्हटलं, ठीक आहे, सोडतो आम्ही. बाबा धायरीला माझ्याकडे येतील.

दत्तप्रसाद – अच्छा. परवा तू मला विचारलंस, पलंग खिडकीशी लावू की भिंतीशी. मी विचार केला, म्हटलं खिडकीशी. मला वाटलं, आठवड्याचा प्रश्न आहे. पडदा कुठल्या रंगाचा हवा, तेही विचारलंस. मी म्हटलं, दिसायला लागल्यावर सांगतो. किती कौतुक वाटलं मला. म्हटलं, पोरगी विचारून करते सगळं.

शहेजाद – मी निघू का? गाडी पण चुकीच्या ठिकाणी लावलीय मी.

दत्तप्रसाद – बस रे. ती लावण्यासारखी जागा पुण्यात असती तर तू तिथे लावली असतीस.

प्रियदर्शनी – बाबा, मी काय करायला हवं होतं? तुम्ही स्ट्रेचरवर होतात. बाहेर मी एकटी. दोन महिन्यांपूर्वी जिन्यात पडलात तुम्ही. मला कधी सांगितलंत? कोपराची खपली पडल्यावर. डोळ्यापुढे काळं येतंय हे कधी सांगितलंत? अर्धा पडदा सुटल्यावर. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. ते ऐकायला कोण होतं तिथे? मी होते.

दत्तप्रसाद – ते खरं आहे.

प्रियदर्शनी – तिसरा मजला, अंधारा जिना, एक डोळा. झोप लागत नव्हती मला. मग फोन आला, आणि मला... खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता भांडावंच लागणार नाही. बिल्डिंगच राहणार नाही, तर बाबा कुठे जातील?

दत्तप्रसाद – हे बरं केलंस, सांगितलंस ते. राग गेलेला नाही माझा, पण बरं केलंस. आता मला एक सांग. दीनानाथ आणखी काय म्हणाले? त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. नुसतं निघा म्हणणारा माणूस नाही तो.

प्रियदर्शनी – म्हणाले, नवी इमारत होईपर्यंत शेजारच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरची एक खोली देता येईल. बाबांना पेठ सोडवणार नाही, म्हणून.

दत्तप्रसाद – आणि?

प्रियदर्शनी – मी नको म्हटलं.

दत्तप्रसाद – कशी आहे खोली?

प्रियदर्शनी – माहीत नाही.

दत्तप्रसाद – बघितली नाहीस?

प्रियदर्शनी – नाही.

दत्तप्रसाद – तळमजला आहे. म्हणजे जिना नाही. जिन्याचीच भीती होती ना तुला?

प्रियदर्शनी – तुम्ही तिथे एकटे राहाल, याची होती.

दत्तप्रसाद – हं. शहेजाद, टेम्पोवाल्याला फोन कर. शनिवारी येऊ नको म्हणावं.

शहेजाद – प्रिया?

प्रियदर्शनी – कर.

दत्तप्रसाद – आणि तू उद्या नारायण पेठेत जा. खोली उघडून घे, आत उभी राहा आणि मला फोन कर. मग ठरवू.

प्रियदर्शनी – आणि तुम्ही जे ठरवाल ते मी मान्य करायचं?

दत्तप्रसाद – ते तुझं तू ठरव. तुलाही कुणी तीन पर्याय लिहून दिलेले नाहीत.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. प्रियदर्शनी नारायण पेठेतून फोनवर बोलते आहे. धायरीच्या फ्लॅटमध्ये दत्तप्रसाद पालथे पडलेले. शेजारी शहेजाद लॅपटॉप घेऊन बसला आहे.)

प्रियदर्शनी – ऐकू येतंय का? दीनानाथांनी कुलूप काढून दिलं. आत आलेय मी.

दत्तप्रसाद – दारातून सुरू कर.

प्रियदर्शनी – दार लहान आहे, एकच फळी. समोर भिंत. भिंतीला ओल आलीय, पार छातीपर्यंत. कुबट वास येतोय. एक नळ गळतोय. मोरी इतकी लहान आहे की...

दत्तप्रसाद – जखिणीची विहीर वाटायला लागली मला. बरं काय आहे तेही सांग.

प्रियदर्शनी – बरं... उंबरा नाही, ठेच लागणार नाही. दारातून पाऊल टाकलं की गल्लीच. वाचनालय दोन घरं सोडून आहे. तुमचे ते कॅरमवाले कट्ट्यावर बसलेत. मला बघून त्यांनी हात केला.

दत्तप्रसाद – केला ना! हे आपणहून सांगितलंस, आभारी आहे. खिडकी?

प्रियदर्शनी – एक आहे. उघडली मी. बाहेर हाताच्या अंतरावर पलीकडच्या बिल्डिंगची भिंत आहे.

दत्तप्रसाद – ऊन येतं का?

प्रियदर्शनी – नाही.

दत्तप्रसाद – आत्ता, या क्षणी, आत दिसतंय कशानं?

प्रियदर्शनी – दिवा लावलाय.

दत्तप्रसाद – भर दुपारी.

प्रियदर्शनी – हो. बंद करून बघू का? थांबा... बंद केला. माझा हात दिसतोय. बोटं मोजता येत नाहीत.

दत्तप्रसाद – लाव परत. जरा विचार करू दे मला. शहेजाद, तोवर तू तुझं सांग. सकाळपासून खुडबुडतोयस.

शहेजाद – काका, ते आपलं उंबरठाण. काल रात्री बसल्या बसल्या प्रियानं एक सीन लिहून पाठवला. जखिणीला विचारायचा. विचारलं की जखीण म्हणते, 'मला आठवणी हव्या असतात त्या ऐकायला. पण मी घेतल्या की सांगणाराच रिकामा होतो, म्हणून दर साली नवा माणूस लागतो.'

दत्तप्रसाद – मग?

शहेजाद – मग तुम्ही कोंडीरामला काठावर बसवायचं. तो दारांच्या गोष्टी सांगतो, ती ऐकते. कोणाचंच काही जात नाही. फक्त, काका, विहीर पुढे आटतेच. ती मला बदलता येत नाही, आख्खा दुसरा भाग त्याच्यावर उभा आहे.

दत्तप्रसाद – म्हणजे पुन्हा तेच.

शहेजाद – नाही, ऐका ना. परत गावात गेलात की सुताराच्या दारात एक रांजण भरलेला मिळतो. जखिणीनं जाता जाता ठेवलेला. एका रांजणाला मला एकच चित्र लागतं. ते केलं मी. सरांना पण दाखवलं. हो म्हणाले नाहीत, पण हसले. आणि पारावरची माणसं पहिल्यांदा ऐकली त्यांनी.

दत्तप्रसाद – एका रांजणावर गाव किती दिवस तगेल?

शहेजाद – गाव नाही तगणार. पण कोंडीराम आणि त्याची मुलगी घाट उतरून जाऊ शकतील. दोघं एकमेकांना ओळखत असतील.

दत्तप्रसाद – हं. हे मला पटलं. प्रियदर्शनी, आहेस का?

प्रियदर्शनी – आहे.

दत्तप्रसाद – खोली नको.

प्रियदर्शनी – नको?

दत्तप्रसाद – हा डोळा आला तर आला. नाही आला तर दुसऱ्या एकावर भागवायचंय. तो दिव्याखाली झिजवायची माझी इच्छा नाही. कॅरमला मी बसने येईन.

प्रियदर्शनी – मी म्हटलं म्हणून नको म्हणत नाही ना? ऐका, मी ओल जरा जास्त सांगितली असेल. छातीपर्यंत नाहीये. कमरेपर्यंत आहे. नळाला वायसर बसेल. मी रोज एक चक्कर मारली असती...

दत्तप्रसाद – काल मला तिथून हलवायला टेम्पो ठरवलास, आज तिथेच ठेवायला वकिली करतेयस?

प्रियदर्शनी – तुम्हाला नीट कळायला हवं ना सगळं.

दत्तप्रसाद – कळलं. ओल कमरेपर्यंत असली तरी उजेड नाही तो नाहीच. धायरीला येतो मी. पण मान वर करायची परवानगी मिळाली की सामान माझं मी बांधणार. कपाटातलं काय ठेवायचं, काय द्यायचं, ते मी बघणार. तोवर कुणी हात लावायचा नाही.

प्रियदर्शनी – कबूल.

दत्तप्रसाद – आणि रविवारी मैदानावर एकटा जाणार.

प्रियदर्शनी – अंपायरिंगला? या डोळ्यांनी?

दत्तप्रसाद – बघायला गं. अंपायरला दिसत नाही म्हणून ओरडायला प्रेक्षकही लागतात.

प्रियदर्शनी – बस बदलावी लागते स्वारगेटला.

दत्तप्रसाद – स्वारगेट मी तुझ्या आधीपासून ओळखतो.

प्रियदर्शनी – मला भीती वाटणार.

दत्तप्रसाद – वाटू दे. पोचलो की फोन करेन. आणि पडलो तर तेही सांगेन, खपली धरायच्या आत.

प्रियदर्शनी – ...बरं.

दत्तप्रसाद – आता शेजारी, आपल्या घरी वर जा. खिडक्या बंद आहेत का बघ, आणि माझा चष्मा घेऊन ये. जुना, काळ्या काड्यांचा.

प्रियदर्शनी – निघाले... चढतेय आता. जिना खरंच अंधारा आहे हो हा. कसे चढत होतात?... एक मिनिट, बाबा. तुमच्या समोरच्या इंदुबाई दारात आल्यात. मला बघून बाहेर आल्या. विचारतायत, साहेबांचं कसं आहे, आणि ते परत कधी येणार. काय सांगू त्यांना?

दत्तप्रसाद – फोन त्यांच्याकडे दे.